डाव्या हाताची तुरपाई

आमच्या घराण्याचा इतिहास वाचायचा तर आधी हात धुवावे लागतात. तो कुणी लिहिलेला नाही, शिवलेला आहे. म्हैसूरला लष्कर मोहल्ल्यात माझं ब्लाऊज शिवायचं दुकान आहे, त्याच्या वरच्या खोलीत एक शिसवी पेटी आहे आणि त्या पेटीत विठोबाच्या अंग्या आहेत. एकेक अंगी म्हणजे आमच्या घरातलं एकेक माणूस. दुसऱ्यांचे पूर्वज लढाया मारत दक्षिणेत आले असतील, आमचे मापं घेत आले. त्याचा मला काडीचा कमीपणा वाटत नाही. लढाई जिंकलेला माणूस दरबारात काय उघडा जाऊन बसणार होता?

आमची रीत अशी. गल्लीतल्या विठ्ठल मंदिरात कार्तिकी एकादशीला देवाला नवी अंगी चढते. ती शिवायचा मान पाच घरांत फिरतो, म्हणून आमच्याकडे तो पाच वर्षांनी येतो. कापड बेततो घरातला कर्ता. शिवण घालतात मोठी माणसं, सुना सोडून. आणि खालच्या घेराची तुरपाई घालतं घरातलं पोर, दहावं सरलेलं पण पंधरावं न गाठलेलं. हिशेब ज्यानं बसवला तो हुशार होता. त्यामुळे प्रत्येक पोराला हा मान आयुष्यात एकदा मिळतोच, आणि एकदाच मिळतो. पोर वयात बसत नसलं तर तुरपाईही कर्ताच घालतो. वर्षभरानं अंगी देवाच्या अंगावरून उतरली की ती आमच्या पेटीत येते.

यातली नावं कुठेही लिहायची नाहीत, ही दुसरी रीत. ती पोरांनी तोंडपाठ ठेवायची. दसरा झाला की पोरांनी पेटी उघडायची, अंग्या गच्चीवर उन्हात घालायच्या आणि कुठली कुणाची ते सांगायचं. त्या दिवशी मोठ्यांनी तोंड उघडायचं नाही. आणि एकादशीला ज्यानं तुरपाई घातली त्या पोरानं देवासमोर उभं राहून पहिल्यापासून सगळी नावं म्हणायची आणि शेवटी आपलं जोडायचं. ते जोडलं की पोर घराण्यात आलं. आमच्या पोरांचं मराठी आता आटलंय. निम्मं कन्नड, उरलेलं इंग्रजी, भाजीत मीठ असावं तेवढं मराठी. पण ही नावं विचारा, एक चुकणार नाहीत.

या सगळ्या अंग्यांत एक अंगी आमच्या घराचा तुरा. छप्पन सालची. सगळे कन्नड मुलूख मिळून राज्य एक झालं, त्याच कार्तिकातली. त्या वर्षी मान आमच्याकडे होता आणि आमच्या अप्पांच्या, म्हणजे वडिलांच्या, निवृत्ती शिंप्यांच्या, उजव्या अंगठ्याला नखुर्डं झालं. अंगठा वांग्याएवढा सुजला होता. माझा थोरला भाऊ रंगनाथ, आमचा रंगण्णा, तेव्हा सोळा वर्षांचा, त्याची तुरपाई आधीच्या मानाला होऊन गेलेली. मी आठ वर्षांची, म्हणजे माझी यायची होती. अंगी बेतलेली, पण जोडायची तशीच पडलेली. लोक म्हणू लागले, निवृत्ती, मान सोड, दुसऱ्या घराला दे. अप्पा दुपारी जेवून खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. शेक द्यायला आई तेवढी आत. आम्ही सगळे देवळात भजनाला. दिवेलागणीला परत आलो तर अंगी पुरी झालेली, आणि अशी, की बाहेरून एक टाका दिसेल तर शपथ.

अप्पांनी एवढंच सांगितलं, "विठोबानं करवून घेतलं." त्यावर गल्लीनं काय ते मानलं. अंगठा सुजलेला माणूस तशी तुरपाई घालू शकत नाही, हे शिंप्यांच्या गल्लीत कुणाला सांगायला नको. मग घातली कुणी? विठोबानं. तेव्हापासून आम्ही 'विठोबानं शिवून दिलेलं घर'. नावं म्हणताना त्या अंगीला पोरं म्हणायची, "निवृत्तीच्या घरी विठोबाची." रंगण्णा तर ही गोष्ट सांगताना आजही कॉलर ताठ करतो. पन्नास वर्षं त्यानं स्वतः कोट शिवले. अमलदारापासून नवरदेवापर्यंत सगळे त्याच्यापुढे हात पसरून उभे राहिले. पण स्वतःच्या एका कोटाचा त्याला या अंगीएवढा अभिमान नाही.

दोन हजार अकराला मान पुन्हा आमच्याकडे आला. रंगण्णा आता मुलाकडे, गावाच्या दुसऱ्या टोकाला विजयनगरला राहतो. मुलगा वसंता पाटबंधारे खात्यात, आठवडाभर एच. डी. कोटेला, रविवारी घरी. सून वनजा शाळेत शिकवते. त्यांची एकुलती एक कृष्णवेणी, सगळ्यांची वेणी, आजोबांची पुट्टी, दहा वर्षांची. तुरपाई तिची. दर रविवारी वनजा तिला स्कूटरवरून माझ्याकडे आणायची आणि मी तिला सुई शिकवायची.

पोरगी डावखुरी. लिहिते डाव्या हातानं, चेंडू टाकते डाव्या हातानं. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. मी तिच्यासमोर बसून शिकवायची, आरशात बघितल्यासारखं, आणि तिचा हात चौथ्या रविवारी असा बसला की माझ्या दुकानातली पोरगी दुसरीकडे कामाला लावून मी वेणीलाच ठेवून घेतलं असतं.

त्या चौथ्या रविवारी रंगण्णा बघायला आला. कौतुकानं आला बिचारा, येताना नातीसाठी म्हैसूरपाकाचा पुडा घेऊन. पोरगी मान खाली घालून टाके घालत होती. तो दारातच थांबला.

"एडगै?" त्यानं विचारलं. डावा हात म्हणायला आमच्या घरात कन्नड शब्दच येतो.

"हो. बघ तरी कशी घालते!" मी म्हणाले.

"शांता, तुला अक्कल आहे की नाही? देवाच्या कापडाला डावा हात? बेड, नको. मुळीच बेड."

"शाळेत डाव्या हातानंच लिहिते की ती. सरस्वतीनं काय पेपर परत पाठवला?"

"तू वाद घालू नको. उजव्या हातानं शिकव. नाही जमलं तर तुरपाई वसंता घालेल, माझ्या हाताला आता सुई धरवत नाही. एकदा सांगितलो ना मी."

वसंताला गुंडी लावता येत नाही. पण प्रश्न तो नव्हता. वेणीला या वेळी मिळालं नाही तर पुढच्या मानाला ती पंधराची. मग तिचं नाव कधीच जोडलं जाणार नव्हतं. सगळी नावं पाठ असलेली पोर, आणि तिचंच नाव त्यात नाही. वेणीला हे पक्कं कळत होतं. ती रडली नाही. तिनं सुई उजव्या हातात घेतली.

पुढचे रविवार मी आठवायला तयार नाही. पोरीनं बोटं टोचून घेतली, फडकी रक्तानं माखली, आणि टाके पडले ते दारू प्यालेल्या मुंगीच्या रांगेसारखे. वनजा मला म्हणाली, "आत्या, मी मामांशी बोलू का?" मी म्हणाले, बोल. ती बोलली. सासऱ्यानं ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाला, "वनजा, हे घर विठोबानं शिवून दिलेलं घर आहे. आपण असं वागून चालत नाही."

दसरा झाला. दुसऱ्या रविवारी पेटी उघडायचा दिवस आला. गच्चीवर धुतलेलं धोतर अंथरलं, वेणीनं हात धुतले, आणि वेखंडाच्या वासासकट एकेक अंगी बाहेर येऊ लागली. वनजा फोनवर फोटो काढत होती. मी आणि रंगण्णा टाकीच्या सावलीत स्टुलावर, तोंडाला कुलूप लावून.

वेणी सांगत होती. "ही खंडोजीराव. ही नरसिंगराव. ही रंगनाथ, माझे ताता, एकावन्न साल." इथं रंगण्णानं हळूच मिशी कुरवाळली. मग ती छप्पन सालच्या अंगीशी आली. जांभळं म्हैसूर सिल्क, जर अजून झगझगीत. "ही निवृत्तीच्या घरी विठोबाची."

रंगण्णाला राहवलं नाही. रीत मोडून तो बोललाच. "नीट बघून घे, पुट्टी. तुरपाई याला म्हणतात. बाहेरून टाका दिसतो का सांग. ये, तशी शिक."

आता, अंगीचा घेर कुणी उलटा करत नाही. देवाचं वस्त्र उलटं करू नये, हे आमच्या अंगात भिनलेलं. उन्हात घालताना सुलटी घालायची आणि वर पातळ पंचा टाकायचा. गिऱ्हाईकाचा कोट हातात आला की आधी अस्तर उलटून बघणारी आम्ही माणसं. टाका बघून शिंप्याचं नाव सांगू. आणि ही अंगी पंचावन्न वर्षं आम्ही फक्त वरून बघत आलो. पण वेणीला ताताने नीट बघ म्हटलं होतं. बाहेरून टाका दिसत नाही म्हटल्यावर बघायचा कुठून? तिनं घेर धरला आणि उलटला.

"पुट्टी!" रंगण्णा ओरडला. पण ती ऐकत नव्हती. ती आतल्या टाक्यांवरून बोट फिरवत होती. एकदा इकडून, एकदा तिकडून. मग ती माझ्याकडे बघून हसली, कितीतरी दिवसांनी.

"शांतज्जी, हे माझ्यासारखं आहे ना, अल्वा? माझ्या साइडनं!"

मी उठले. चष्मा लावला. उजव्या हाताचा माणूस तुरपाई उजवीकडून डावीकडे घालत जातो, त्याचे टाके एका अंगाला कलतात. डाव्या हाताचा डावीकडून उजवीकडे जातो, त्याचे दुसऱ्या अंगाला. अक्षर बदलता येईल, कलणं बदलता येत नाही. तिथं सबंध घेरभर टाके वेणीच्या बाजूनं कललेले होते, ज्वारीच्या कणसासारखे दाट आणि एकसारखे. सुरुवातीची गाठही डाव्या टोकाला.

तो दिवस पोरांनी बोलायचा. मी घेर तसाच धरून रंगण्णापुढे नेला.

त्यानं बघितलं. शिंप्याला एक नजर पुरते. तरी त्यानं दोनदा बघितलं, मग अंगठा फिरवून बघितलं, मग उन्हाकडे धरून. त्याचा चेहरा मी कधी तसा बघितला नव्हता. आणि तेवढ्यात वेणी टाळी वाजवून म्हणाली,

"ताता! मग विठोबा पण एडगै आहे!"

वनजा तोंडाला पदर लावून पाठमोरी झाली. मला हसू आलं आणि रडूही आलं, आणि दोन्ही मी आवरलं नाही. रंगण्णा पुरता पेचात सापडला होता. अंगी विठोबानं शिवली म्हणावं, तर विठोबा डावखुरा. विठोबानं शिवली नाही म्हणावं, तर त्या बंद खोलीत दुसरं कोण होतं?

"सुम्मने, उगाच काहीतरी बोलू नको," एवढं तो पुटपुटला, चहासुद्धा न घेता खाली उतरला आणि बसनं विजयनगरला निघून गेला.

आई जेवायची उजव्या हातानं, देवाला फूल वाहायची उजव्या हातानं. सून म्हणून आलेल्या बाईनं दुसरं काही करून दाखवायची सोय नव्हती. गिऱ्हाइकांची काज-बटणं ती घरी करायची, पण आमच्यात बसून नाही. आम्ही सगळे खिडकीच्या उजव्या अंगाला बसायचो, म्हणजे उजेड डावीकडून येतो आणि हाताची सावली टाक्यावर पडत नाही. आई पलीकडच्या अंगाला बसायची, आमच्याकडे पाठ करून. आम्हाला वाटायचं, चुलीवरच्या दुधावर नजर ठेवते. आमच्या घरात दूध कधी उतू गेलं नाही हे खरं, पण तुंगाबाई, आमची आई, तिथं बसायची ती उजेडासाठी. पंचावन्न वर्षांनी मला तिची पाठ समोर दिसली, आणि मी गच्चीवरच बसून राहिले. त्या एका दुपारी तिनं घराचा मान राखला होता. सुनेचा हात, तोही डावा. दोन्ही अंगांनी वर्ज्य. आणि त्यानंतर मरेपर्यंत, गल्लीतल्या बाया तिच्याच हातचा टाका बघून देवाला हात जोडायच्या तेव्हा, ती त्यांच्या शेजारी उभी राहून हात जोडायची.

दिवस जात होते. रंगण्णाचा फोन नाही. अंगीचं कापड त्यानं बेतून पाठवलं, शिवण मी घातली, घेर तेवढा राहिला. शेवटी एकादशीच्या आदल्या सकाळी सगळे आले. वसंता रजा काढून आला होता आणि फाशी द्यायला आणल्यासारखा उभा होता. वडिलांनी अजून त्याला काही सांगितलं नव्हतं. वेणी खालमानेनं कोपऱ्यात. मी ठरवलं होतं, आज रंगण्णानं सुई वसंताच्या हातात दिली तर मी त्याला गल्ली ऐकेल असं सुनावणार.

रंगण्णानं हात धुतले. चटई घेतली. खिडकीच्या उजव्या अंगाला अंथरली, जिथं तो बसला होता, मी बसले होते, त्याआधी अप्पाही बसले असतील. मग खाली वाकला, चटईचं टोक धरलं आणि ती ओढत ओढत पलीकडच्या अंगाला नेली. आईच्या जागी.

"ये पुट्टी," तो म्हणाला. मग माझ्याकडे वळून, "उजेड हिला इकडून पाहिजे."

वेणी बसली. डाव्या हातात सुई घेतली. रंगण्णा तिच्यासमोर मांडी घालून बसला होता आणि एकेका टाक्याला मान हलवत होता, गवयाला दाद द्यावी तसा. ती संपवून उठली तेव्हा त्यानं घेर उलटा केला. स्वतःच्या हातानं, देवाचं वस्त्र. आतून बघितला आणि नुसतं म्हणाला, "तिचाच हात."

दुसऱ्या दिवशी मंदिर गच्च भरलेलं. पाची घरं, त्यांची लेकरं, विजयनगरहून, बेंगळुरूहून आलेली माणसं. देवाच्या अंगावर आमची अंगी. वेणी परकर-पोलकं घालून पुढे उभी राहिली. छप्पन सालच्या अंगीला ती काय म्हणणार, हे मला ठाऊक नव्हतं. मी शिकवलं नव्हतं. रात्री ताता आणि नात विजयनगरला काहीतरी कुजबुजत होते, एवढंच वनजानं मला सांगितलं होतं.

तिचा आवाज खणखणीत. नावामागून नाव आलं. खंडोजीराव. नरसिंगराव. रंगनाथ निवृत्ती. मग ती थांबली, श्वास घेतला आणि म्हणाली,

"राज्य एक झालं त्या वर्षीची. तुंगाबाई निवृत्ती. डाव्या हाताची."

मंदिराचे पंच वेंकोबा, नव्वदीला टेकलेले, त्या दिवशी भजनाला टाळ धरून बसलेल्यांतले आता तेच उरलेले, त्यांनी कानामागे हात धरला.

"रंगण्णा, पोर चुकली की काय? ती अंगी तर विठोबानं शिवलेली ना?"

रंगण्णा खांबाला टेकून उभा होता. तो ताठ झाला. पन्नास वर्षं हीच गोष्ट सांगताना तो ताठ व्हायचा, पण असा मी त्याला कधी पाहिला नव्हता.

"चुकली नाही, मामा," तो म्हणाला, सगळ्या देवळाला ऐकू जाईल असं. "विठोबानंच शिवली. आमच्या घरी त्याचं नाव तुंगा होतं. ती माझी आई."

वेंकोबांनी एकवार अंगीकडे बघितलं, एकवार देवाकडे, आणि डोळे मिटून हात जोडले. मागे बायकांच्या घोळक्यातून कुणीतरी "विठ्ठल" म्हणालं, आणि मग सगळेच म्हणाले.

गलका शमेपर्यंत वेणी तशीच उभी होती, शहाण्यासारखी. मग तिनं मागं वळून आजोबांकडे बघितलं.

"ताता, आता माझं म्हणू?"

"म्हण की. त्यालाच तर थांबलोय सगळे."

मधली सगळी नावं तिनं एका दमात म्हटली, माझंसुद्धा. मग देवाकडे बघून, हात न जोडता, डावा हात नुसता वर करून ती म्हणाली, "कृष्णवेणी वसंत. डाव्या हाताची."